बिनतारी बहुकक्ष संगीतयंत्रणा (बेळगाव सीमाभागातील घरांच्या संदर्भात)

घरातल्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेले स्पीकर एकमेकांना तारेने न जोडता वायफायवरून एकत्र चालवण्याची व्यवस्था. साऱ्या घरात एकच गाणे एकाच क्षणी वाजवणे, किंवा सोप्यात (घराच्या पुढच्या भागात) एक आणि स्वयंपाकघरात दुसरे वाजवणे, ही दोन्ही कामे ती करते. हुकूम बहुधा मोबाइलवरून दिला जातो. बोलण्यात तिला ‘मल्टिरूम’ म्हणतात. ब्लूटूथ स्पीकर ही निराळी वस्तू. ब्लूटूथमध्ये गाणे फोनमधून स्पीकरकडे जाते, पल्ला साधारण १० मीटरचा असतो, मध्ये भिंत आली की तोही घटतो आणि फोन आला की गाणे थांबते. वायफायच्या बहुतेक यंत्रणांत फोन फक्त काय वाजवायचे ते सांगतो. गाणे स्पीकर स्वतः इंटरनेटवरून किंवा घरातल्या साठ्यातून आणतो. फोन घेऊन माणूस बाजाराला गेला तरी घरात भजन सुरूच राहते.

ही नोंद बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली मराठी घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. यंत्र जगभर तेच असले, तरी ते नीट चालेल की नाही हे घराच्या भिंती, घराची लांबी आणि वीज यांवर ठरते. दुकानात स्पीकरचा आवाज ऐकवतात. या तीन गोष्टी मात्र घरी आल्यावर कळतात, म्हणून इथे त्यांना जास्त जागा दिली आहे.

या भागाचा कान जुना आणि दोन भाषांचा आहे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत झाला. धारवाडजवळचे मन्सूर हे मल्लिकार्जुन मन्सूरांचे गाव, आणि गंगूबाई हनगल हुबळीच्या. भीमसेन जोशींनी मराठी अभंग आणि कन्नड दासपदे (हरिदासांची भक्तिपदे) सारख्याच जिव्हाळ्याने गायिली. त्यामुळे एकाच घरात सकाळी अभंग, दुपारी दासपद, संध्याकाळी नाट्यगीत आणि रात्री पोरांची सिनेमाची गाणी असा क्रम काही नवा नाही. पूर्वी रेडिओ सोप्यातल्या फळीवर असायचा. त्यावर सांगली, धारवाड, पणजी ही केंद्रे लागायची आणि परसात भांडी घासणाऱ्या आईला ऐकू जावे म्हणून आवाज मोठा केला जायचा. मग सोप्यात बसलेल्या आज्जीची हाक ठरलेली: ‘आवाज जरा बारीक कर की रे.’ प्रत्येक खोलीत तिच्या गरजेपुरता आवाज ठेवता येणे, हाच या यंत्रणेचा घरगुती अर्थ.

एकतालात वाजण्याचे गणित

दोन खोल्यांत दोन फोन ठेवून एकाच वेळी तेच गाणे लावून पाहावे. सुरुवातीला ते जुळल्यासारखे वाटतील, पण वेळ जाईल तसा एक दुसऱ्याच्या मागे पडेल. प्रत्येक यंत्राच्या पोटात एक स्फटिक-घड्याळ असते आणि कोणतीही दोन घड्याळे अगदी सारखी चालत नाहीत. त्यांच्यात दहा लाखांत ४० भागांचा फरक धरला, तर मिनिटाला २.४ मिलिसेकंद आणि तासाला १४४ मिलिसेकंद अंतर पडते. संगीतात ३० ते ५० मिलिसेकंदांच्या पुढे फरक गेला की कानाला दुसरा आवाज प्रतिध्वनीसारखा वेगळा कळू लागतो. तबल्याची थाप दोनदा ऐकू येते.

खऱ्या बहुकक्ष यंत्रणेत एक स्पीकर किंवा सर्व्हर (गाणी पुरवणारा संगणक) म्होरक्या असतो. तो इतरांची घड्याळे स्वतःच्या घड्याळाशी पुनःपुन्हा ताडून पाहायला लावतो आणि गाण्याच्या प्रत्येक तुकड्यावर ‘हा अमुक क्षणी वाजवायचा’ अशी खूण घालून पाठवतो. प्रत्येक स्पीकर पुढचे काही तुकडे आधीच साठवून ठेवतो, म्हणजे वाटेत एखादा हरवला तरी तो परत मागवायला उसंत मिळते. भजनी मंडळात टाळकरी एकमेकांकडे बघत नाहीत, पखवाजाकडे कान ठेवतात, तसेच हे.

या साठवणीची एक किंमत मोजावी लागते, ती म्हणजे उशीर. एअरप्ले या ॲपलच्या बिनतारी व्यवस्थेच्या पहिल्या पिढीत बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंत सुमारे दोन सेकंद जात. मुद्रित गाण्याला त्याने काही बिघडत नाही. पण दूरचित्रवाणीचा आवाज या मार्गाने नेला तर ओठ आणि शब्द यांची फारकत होते, आणि माइक लावून घरच्या आरतीचा आवाज माडीवर पोचवायचा बेत तर पूर्ण फसतो. सुरांचा रियाज करणाऱ्यानेही तानपुऱ्याचे ॲप या स्पीकरवर खुशाल लावावे. पण हार्मोनिअमचा आवाज त्यातून काढण्याच्या भरीस पडू नये.

आवाजाच्या स्वतःच्या वेगाचा प्रश्न मात्र यंत्र सोडवू शकत नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. शहापूरसारख्या जुन्या पेठेतले अरुंद तोंडाचे, आत लांबवर गेलेले घर घ्या: सोपा, माजघर, स्वयंपाकघर, परसू असे एका ओळीत. माजघराच्या उंबऱ्यावर उभे राहिले, तर जवळचा स्पीकर एक मीटरवर आणि सोप्यातला दहा मीटरवर. दोन्ही अगदी एका क्षणी वाजले तरी दूरचा आवाज २६ मिलिसेकंद उशिरा कानी पडतो. उपाय सोपा आहे. एका खोलीत मोठा आवाज करून तो सगळीकडे पोचवण्याऐवजी प्रत्येक खोलीत थोडाथोडा ठेवावा. जवळचा स्पीकर दूरच्याला झाकून टाकतो.

भिंत, ओल आणि वीज

वायफायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बरी पार होते, पण तिच्यात गर्दी फार; एकमेकांत न मिसळणाऱ्या तीनच वाहिन्या (१, ६ आणि ११) तिथे मिळतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा मोकळी, पण जाड भिंतीपुढे ती लवकर दमते. खानापूरकडची जांभ्याच्या चिऱ्याची घरे, बेळगावातले काळ्या दगडाचे जुने वाडे यांच्या भिंती आजच्या विटेच्या भिंतीच्या दुप्पट जाडीच्याही असतात. त्यातून जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात तो ओल धरतो आणि पाणी या लहरी शोषून घेते. मे महिन्यात सुरळीत चाललेला मागच्या खोलीतला स्पीकर आषाढात अडखळू लागला, तर दोष स्पीकरचा नसून बहुधा भिंतीचा असतो. लोखंडी कपाट, पत्र्याचे छप्पर, मोठा आरसा, पाण्याने भरलेली टाकी हेही अडथळेच.

इंटरनेट जोडणारा माणूस तार जिथून घरात येते तिथेच, म्हणजे पुढच्या दाराशी मीटरजवळ, राउटर टांगून जातो. त्याला सोयीची असलेली ती जागा घराच्या मात्र गैरसोयीची असते. राउटर माजघरात, छातीच्या उंचीवर, उघड्यावर असावा. तेवढ्याने भागत नसेल तर दुकानदार ‘रिपीटर’ सुचवतो. स्वस्त रिपीटर ऐकलेलेच परत बोलतो, त्यात वेग जवळजवळ निम्मा होतो. शिवाय एकमेकांना शोधण्यासाठी स्पीकर जे संदेश सोडतात ते काही रिपीटरांतून पलीकडे जातच नाहीत, आणि मोबाइलवर मागचे स्पीकर दिसेनासे होतात. त्यापेक्षा माडीपर्यंत किंवा मागच्या खोलीपर्यंत एकच लॅन केबल न्यावी आणि तिच्या टोकाला दुसरा ॲक्सेस पॉइंट (तिथून वायफाय पसरवणारा डबा) बसवावा. अशी केबल १०० मीटरपर्यंत बिनधोक चालते. बिनतारी यंत्रणेसाठी एक तार ओढणे विसंगत वाटेल, पण दगडी घरात यासारखा खात्रीचा उपाय माझ्या पाहण्यात नाही.

फोनच्या हॉटस्पॉटवर ही यंत्रणा उभी करू नये. फोनधनी शेताकडे गेला की घर मुके होते.

वळवाच्या वाऱ्यात फांदी तारेवर पडते आणि वीज जाते. ती परत येते तेव्हा स्पीकर राउटरच्या आधी जागे होतात, त्यांना जाळे सापडत नाही आणि मग घरातले कोणी तरी प्रत्येक स्पीकरचे बटण काढत-लावत फिरते. यावर दोन उपाय आहेत. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा, आणि राउटरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक स्पीकरला त्याचा पत्ता कायमचा नेमून द्यावा. विजांच्या दिवसांत प्लग काढणे हे जुन्या माणसांचे सांगणे इथेही पाळावे. घराचे अर्थिंग तपासून घेणे त्याहून महत्त्वाचे.

निवड

या क्षेत्रातली बरीचशी मोठी नावे अमेरिकी आहेत. स्लिम डिव्हायसेसचा स्क्वीझबॉक्स, म्हणजे घरच्या जाळ्यावरून गाणी आणून वाजवणारा डबा, २००३ मध्ये आला. २००६ मध्ये ती कंपनी लॉजिटेकने घेतली आणि २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्सची मालिका थांबवली. बहुकक्ष स्पीकर बनवणाऱ्या सोनोसची स्थापना २००२ ची, पहिली यंत्रणा २००५ ची. गूगलने २०१५ मध्ये जुन्या ॲम्प्लिफायरला जोडता येणारे क्रोमकास्ट ऑडिओ काढले आणि २०१९ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाल्याचे जाहीर केले. ॲपलच्या एअरप्ले २ ने २०१८ मध्ये अनेक खोल्यांची सोय दिली. भारतात तोंडी हुकूम ऐकणारे स्पीकर, म्हणजे ॲमेझॉनचा एको २०१७ मध्ये आणि गूगल होम २०१८ मध्ये, आल्यावर ही कल्पना साध्या घराच्या आवाक्यात आली.

हा इतिहास सांगण्यामागे कारण आहे. रेडिओ एकदा घेतला की तो पंचवीस वर्षे तसाच राही. हे स्पीकर मात्र विकत घेतल्यावरही बदलत राहतात. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने सोनोसच्या पाच पेटंटांचा गूगलकडून भंग झाल्याचा निर्णय दिला, आणि त्यापुढे काही काळ गूगलच्या स्पीकर-गटाचा आवाज एकत्र कमी-जास्त करण्याची सोय लोकांच्या घरांतून नाहीशी झाली. मे २०२४ मध्ये सोनोसने नवे ॲप आणले, तेव्हा गजर बदलण्यासारख्या सवयीच्या गोष्टी त्यात सुरुवातीला नव्हत्या. त्या पुढे परत आणाव्या लागल्या. म्हणून निवडताना माझा पहिला प्रश्न आवाजाच्या दर्जाचा नसतो. कंपनीचा सर्व्हर उद्या बंद पडला तर हा डबा काय करेल, हे आधी विचारावे. ज्याला साधी ऑडिओ पिन किंवा निदान ब्लूटूथ आहे तो स्पीकर म्हणून तरी उरतो. ज्यात काहीच नाही तो घेऊ नये.

घरात आधीपासून चांगला ॲम्प्लिफायर आणि लाकडी पेटीचे स्पीकर असतील तर ते मोडीत काढू नयेत. वायफायवरून गाणे घेऊन त्यांना पुरवणारा स्ट्रीमर मिळतो, आणि हौशी मंडळी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर तोच खर्च बराच खाली आणतात. स्क्वीझबॉक्स संपला तरी त्याचा मुक्त (कोणालाही फुकट वापरता-बदलता येणारा) सर्व्हर लिरियन या नावाने जिवंत आहे. स्नॅपकास्ट हा दुसरा मुक्त पर्याय. शिकायला चार रविवार लागतात, पण मालकी आपली राहते. ज्या घरात असे करणारे कोणी नाही, तिथे एकाच कंपनीचे स्पीकर घ्यावेत. दोन कंपन्यांचे स्पीकर एकत्र वाजतील हे एअरप्ले २ किंवा गूगल कास्टची (गूगलच्या तशाच सोयीची) खूण दोन्हींवर असेल तरच धरून चालावे. एकदम पाच खोल्या सजवू नयेत. दोन स्पीकर घेऊन, घरातल्या सर्वांत दूरच्या भिंतीआड एक ठेवून आठवडाभर ऐकावे.

वापर

शहाबादी फरशी आणि गिलाव्याच्या भिंती आवाज परतवतात. सोप्यात सतरंजी, एखादी घोंगडी किंवा जाड पडदा असला तर साध्या स्पीकरचाही आवाज स्वच्छ होतो. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर खर्ज फुगवतो. तो भिंतीपासून हातभर पुढे घ्यावा. वडगाव-खासबागेतल्या मागाच्या घरांत मात्र माग चालू असताना त्या खोलीत स्पीकर लावण्यात अर्थ नाही. आवाज वर नेत नेत कान दुखतात. तिथे तो जेवणाच्या खोलीत असावा.

खोल्यांना नावे देताना ‘माजघर’, ‘परसू’ लिहावेसे वाटते, आणि बोटाने चालवायचे असेल तर जरूर लिहावे. तोंडी हुकूम द्यायचा असेल तर अडचण येते. एकोमधून बोलणाऱ्या अलेक्साला भारतात इंग्रजीत, आणि २०१९ पासून हिंदीत सांगता येते. मराठी खोलीचे किंवा मराठी गाण्याचे नाव तिच्या कानी भलतेच पडते. रोजची भूपाळी, हरिपाठ, आज्जीचे कन्नड पद यांच्या याद्या आधीच करून त्यांना सोपी नावे द्यावीत. वडीलधाऱ्यांसाठी स्पीकरवर खरे बटण असणे मोलाचे असते. केवळ मोबाइलवर चालणारे यंत्र त्यांना परके राहते.

गच्चीवर किंवा अंगणात स्पीकर नेताना शेजार आठवावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

सेकंदाला ३२० किलोबिटचे गाणे तासाला १४४ मेगाबाइट डेटा खाते. फायबरच्या घरात हे नगण्य. पण या भागातल्या घरांत इंटरनेटवर कुठेच न मिळणारे गाणेही पुष्कळ असते: गावच्या भजनी मंडळाची कॅसेट, मावशीच्या लग्नातल्या ओव्या, जुन्या संगीत नाटकाच्या तालमीचे मुद्रण. कॅसेट डेक संगणकाला जोडून ते १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर (म्हणजे सीडीच्या दर्जाने) उतरवावे. असा एक तास सुमारे ६३५ मेगाबाइट भरतो. फ्लॅक स्वरूपात एक कणही न गमावता तो बराच लहान होतो. फीत चिकटलेली असेल तर घाईने फिरवू नये आणि उतरवून होईपर्यंत मूळ कॅसेट टाकू नये, त्यानंतरही ठेवावी. हा साठा घरातल्या सर्व्हरवर ठेवला की इंटरनेट बंद असतानाही तो सगळ्या खोल्यांत वाजतो, आणि आज हयात नसलेल्या माणसाचा आवाज स्वयंपाकघरात पुन्हा ऐकू येतो.