आजोबांची सैन्यातली सेवा आणि शौर्यपदक: माहिती कुठे आणि कशी मागायची

घरातल्या ट्रंकेत दोन-चार पदकं, एक जीर्ण डिस्चार्ज बुक (सेवा संपताना सैन्याने दिलेली पुस्तिका) आणि "आजोबांना लढाईत पदक मिळालं होतं" एवढी ऐकीव गोष्ट. बऱ्याच घरांत इतकंच उरलेलं असतं. त्यावरून पुढे नक्की जाता येतं. पण सैन्याच्या दप्तरात माणूस सापडतो तो सेवेच्या नंबरावर, म्हणजे सर्व्हिस नंबरावर. एकाच गावचे, एकाच आडनावाचे चार-पाच जण एकाच पलटणीत असत. नुसतं नाव देऊन काही हाती लागत नाही.

हा नंबर डिस्चार्ज बुकात, पेन्शनच्या कागदावर म्हणजे पीपीओवर आणि माजी सैनिकाच्या ओळखपत्रावर असतो. यातलं काहीच नसेल तर पदकाची किनार भिंगाखाली पाहा. बहुतेक पदकांच्या किनारीवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. चिंच-राखेने घासून पदक चकचकीत करायचा मोह मात्र आवरा, ती अक्षरं झिजली की पुरावाच गेला. आजोबा पुढे नायब सुभेदार किंवा सुभेदार झाले असतील तर त्यांना 'जेसी'ने सुरू होणारा नवा नंबर मिळालेला असतो. अर्जात जुना आणि नवा असे दोन्ही नंबर द्या.

दुसरी गोष्ट, पदक कोणतं ते आधी ओळखा. घरात ज्याला शौर्यपदक म्हणतात ते पुष्कळदा त्या युद्धात सेवा केलेल्या सगळ्यांना मिळालेलं पदक असतं: 1965 चं समर सेवा स्टार किंवा रक्षा मेडल, 1971 चं पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार किंवा संग्राम मेडल. त्यांनाही मोल आहेच, पण त्यांच्यासाठी प्रशस्तिपत्र, म्हणजे पराक्रमाचं सरकारी वर्णन, शोधत बसू नका, ते नसतंच. वीर चक्राची फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. महावीर चक्राची अर्धी पांढरी, अर्धी केशरी. शांतताकाळातल्या शौर्याच्या पदकांत एक घोळ नेहमी होतो. 1952 साली सुरू झालेल्या अशोक चक्राचे तीन वर्ग होते. 1967 मध्ये दुसऱ्या वर्गाचं कीर्ती चक्र आणि तिसऱ्याचं शौर्य चक्र झालं. जुन्या कागदावर 'अशोक चक्र, वर्ग 3' दिसलं तर आजच्या यादीत ते शौर्य चक्राखाली शोधा.

अर्ज कुठे करायचा ते पलटणीवर ठरतं. जवान आणि जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) यांचं दप्तर त्या-त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतं: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्सचं (सैन्याच्या अभियंत्यांचं) पुण्यात खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दला, तर हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. सैन्यातल्या अधिकाऱ्यांची कागदपत्रं दिल्लीच्या मुख्यालयाकडे असतात. पत्ता किंवा अर्जाची भाषा जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. रेकॉर्ड ऑफिसांशी पत्रव्यवहार हे त्यांचं रोजचं काम आहे.

पत्नी, मुलगा, मुलगी किंवा नातवंडं अर्ज करू शकतात. नातं कागदावर दिसलं पाहिजे. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, नातं जोडणारे दाखले, तुमचं आधार आणि डिस्चार्ज बुक किंवा पीपीओची प्रत लावा. मूळ कागद कुणालाही पाठवू नका. गावाचा पत्ता त्या काळचा लिहा. आजचा सिंधुदुर्ग 1981 पर्यंत रत्नागिरीत होता, रायगडचं नाव कुलाबा होतं आणि सांगली 1960 पर्यंत दक्षिण सातारा होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेन्शन न मिळालेल्या जवानांची सेवेची कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट करण्याचा सैन्याचा नियम आहे. म्हणून 'रेकॉर्ड नष्ट झाले' असं उत्तर आलं की लोक तिथेच थांबतात. थांबू नका. 'लाँग रोल' नावाची नोंदवही मात्र ठेवलेली असते. त्यात भरतीची आणि सेवा संपल्याची तारीख अशा ठळक नोंदी मिळतात. पहिल्याच अर्जात स्पष्ट लिहा: "सेवेची कागदपत्रे उपलब्ध नसल्यास लाँग रोलमधील नोंदीची प्रमाणित प्रत द्यावी."

साध्या पत्राला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार कायदा, 2005 आहे. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. 'पदक का मिळालं' असा प्रश्न विचारण्यापेक्षा नेमक्या कागदाची प्रत मागा. उत्तराची मुदत 30 दिवसांची. नकार आला तर 30 दिवसांत पहिलं अपील आणि त्यानंतर 90 दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. 'खासगी माहिती' हे कारण दिलं असेल तर अपिलात कलम 8(3) दाखवा: 20 वर्षांपूर्वीच्या घटनेच्या माहितीला ही सबब लागू होत नाही.

पदक का मिळालं, हे कळतं प्रशस्तिपत्रातून. त्या दिवशी कुठल्या टेकडीवर काय घडलं, ते त्या दहा-बारा ओळींत असतं आणि घरच्यांनी ते एकदा तरी वाचावं असं मला मनापासून वाटतं. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर परमवीर चक्रापासून शौर्य चक्रापर्यंतच्या मानकऱ्यांची नावं शोधता येतात. तिथे मजकूर नसेल तर भारताचं राजपत्र, भाग 1, खंड 1 पाहा; राष्ट्रपती सचिवालयाच्या अधिसूचना त्यात छापल्या जातात.

स्वातंत्र्याआधीची सेवा असेल तर पलटणीचं नाव जपून वाचा. 110वी, 117वी मराठा अशा जुन्या पलटणी 1922 मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत सामील झाल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या पदकांच्या शिफारशी लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ 373 या मालिकेत आहेत, भारतीय जवानांच्याही. लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, ऑनलाइन फुकट पाहता येतं. युद्धात कामी आलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत मिळते. नावांची स्पेलिंगं इंग्रज कारकुनाच्या कानावर अवलंबून, तेव्हा 'जाधव' दोन-तीन प्रकारांनी शोधा. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नामदेव जाधव यांचं आडनावही इंग्रजी नोंदींत 'Jadhav'ऐवजी 'Jadhao' किंवा 'Jadav' असं सापडतं.

पदक खरोखर शौर्याचं निघालं आणि आजी हयात असेल तर मासिक भत्त्याची चौकशी लगेच करा. पदकधारकाच्या पश्चात तो पत्नीला मिळतो. 1 ऑगस्ट 2017 पासूनच्या दरांनुसार वीर चक्राला 7,000, शौर्य चक्राला 6,000 आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलला 2,000 रुपये. भत्ता सुरूच झाला नसेल तर राजपत्राची प्रत आणि पीपीओ जोडून अर्ज त्याच रेकॉर्ड ऑफिसला पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.