हायड्रोटेस्टला व्हॉल्व्ह बंद ठेवताय? आधी सीटचा आकडा बघा

हायड्रोटेस्टचं, म्हणजे लाइनमध्ये पाणी भरून दाब देऊन करायच्या चाचणीचं, पॅकेज (कागदांचा संच) तपासणाऱ्यांकडून परत आलं की सगळे आधी वेल्डिंगचे रिपोर्ट चाळतात. माझ्या पाहण्यात मात्र घोडं बहुतेकदा टेस्टच्या हद्दीवर, म्हणजे टेस्टचा भाग जिथे संपतो तिथे, दाखवलेल्या बंद व्हॉल्व्हपाशी अडतं.

पाइपिंगच्या एएसएमई बी३१.३ या कोडनुसार हद्दीला बंद व्हॉल्व्ह चालतो, पण तो 'बंद करणाऱ्या भागासकट' टेस्ट प्रेशरला योग्य हवा. नेमके हेच शब्द वाचायचे राहतात.

क्लास १५० (दाबाचा वर्ग) चा डब्ल्यूसीबी, म्हणजे कार्बन स्टीलचा, गेट व्हॉल्व्ह घ्या. ३८ अंशांना रेटिंग १९.६ बार. कारखान्यात बॉडी तपासतात दीडपटीवर, म्हणजे ३० बारला. सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद केल्यावर गेट जिथे घट्ट बसतं ती जागा, मात्र १.१ पटीवर, साधारण २१.६ बारला. लाइनचं डिझाइन १८ बार असेल तर टेस्ट दीडपटीवर, २७ बारवर जाते. व्हॉल्व्ह उघडा असेल तर काळजी नाही. बंद असेल तर सीटवर कारखान्यातही कधी आला नव्हता एवढा दाब येतो. सर्टिफिकेटवरचे ३० दाखवून वाद घालू नका, तो आकडा बॉडीचा आहे. बटरफ्लाय व्हॉल्व्हची मर्यादा याहून कमी असू शकते. व्हॉल्व्हवरची प्लेट पुसून वाचा.

एका साइटवर काटा हळूहळू उतरत होता. पोरं कोरडं फडकं घेऊन जॉइंट पुसत फिरली, अख्खी दुपार गेली. पाणी बंद गेटमधून पासिंग होऊन (आतून गळून) पलीकडच्या ड्रेनला ठिबकत होतं.

बंद सीटवर १.१ पटीपुढे जायचं तर व्हॉल्व्ह बनवणाऱ्याचं लेखी पत्र लागतं आणि ते कुणाकडेच नसतं. ऑर्डर देतानाच मागा. सर्टिफिकेटवरचा सीरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा.

प्रेशर गेजचं कॅलिब्रेशन टेस्टच्या दिवशी मुदतीत हवं, अर्जाच्या दिवशी असून भागत नाही. तारीख पुढे ढकलली की सर्टिफिकेट पुन्हा बघा. मार्कअप ड्रॉइंग, आयसोमेट्रिक (लाइनचं त्रिमितीय ड्रॉइंग), एनडीटी (न तोडता केलेल्या तपासणीचे) रिपोर्ट नेहमीप्रमाणे जोडा. तपासणाऱ्यांनाही कळकळीची विनंती: सगळ्या त्रुटी एकाच खेपेला लिहून द्या. एकेका कागदासाठी माणसं चार-चार दिवस ताटकळतात.

पत्र नसेल तर सरळ ब्लाइंड (लाइन बंद करणारी अखंड चकती) टाका. पलीकडची लाइन चालू असेल तर दुसरा विचारच नको. ब्लाइंडला नंबर द्या, यादीत चढवा, आणि काढल्यावर त्याच नंबरासमोर सही घ्या.