डिस्चार्ज बुकातला रिकामा रकाना : गोव्यातील माजी सैनिकांच्या नोंद-दुरुस्तीची पार्श्वभूमी

निवृत्त सैनिक आपल्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सेवेची दफ्तरे ठेवणाऱ्या सैन्याच्या कचेरीला, पत्र लिहितो तेव्हा त्याची मागणी बहुतेक वेळा लहानशी असते. नावातले एखादे अक्षर, जन्मतारखेतले वर्ष, पत्नीचे नाव, किंवा नोंदीत कधी चढलेच नाही असे एखादे पदक. उत्तर मात्र बऱ्याचदा एका ओळीत येते : मुदत उलटून गेली आहे, किंवा कागद आता उपलब्ध नाहीत. वाचणाऱ्याला वाटते, म्हातारा माणूस एका अक्षरासाठी उगाच हट्टाला पेटला आहे. गोव्यातल्या सैनिकाच्या बाबतीत त्या एका अक्षरामागे दोन राजवटींचे कागद, एक बंद सरहद्द आणि नियमानुसार नष्ट केलेली दफ्तरे उभी असतात. तो हट्ट नव्हे, हे समजून घ्यायचे तर मागे जावे लागते.

मुळात सैनिकाची नोंद कशी तयार होते ते पाहू. भरतीच्या दिवशी नाव, बापाचे नाव, जन्मतारीख, गाव, पोस्ट आणि तालुका लिहिलेला कागद भरला जातो. त्यावरून शीट रोल, म्हणजे सैनिकाच्या सेवेचा मूळ नोंदपट, उघडतो. पुढे लग्न, मूल, बढती, कोर्स, जखम, पदक असे जे जे घडेल ते युनिटने ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये छापायचे आणि रेकॉर्ड ऑफिसने त्यावरून शीट रोलमध्ये उतरवायचे, अशी रीत. पार्ट टू ऑर्डर निघाली नाही तर ती गोष्ट सैन्याच्या लेखी घडलीच नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाचे दफ्तर बेळगावला, तोफखान्यातल्याचे नाशिक रोडला, सिग्नल्सवाल्याचे जबलपूरला, नौदलातल्या खलाशाचे मुंबईत मानखुर्दला, हवाई दलातल्याचे दिल्लीला. पेडण्याच्या किंवा सत्तरीच्या माणसाला स्वतःच्या आयुष्याची अधिकृत हकीकत वाचायची तर ती गोव्याबाहेरच.

घरी येताना हाती पडते ते डिस्चार्ज बुक. पहिल्या पानांवर नंबर, हुद्दा, नाव, भरतीची तारीख, आर्मी रूल 13 खाली सुटका झाल्याचे कारण. पुढे मोहिमा, पदके, जखमा यांचे रकाने आणि शेवटी वर्तणुकीचा शेरा. हे बुक ज्यांनी जपले त्यांचे निम्मे काम झालेले असते. मात्र ते शीट रोलवरूनच भरलेले असते, त्यामुळे तिथली चूक इथे जशीच्या तशी उतरते. सुटकेच्या दिवशी घरची ओढ लागलेला जवान सही करतो. रकाने वाचत कोण बसतो?

गोव्याची अडचण याच्याही आधी सुरू होते. पोर्तुगालमध्ये 1910 साली प्रजासत्ताक आले आणि त्यानंतर गोव्यात जन्म, विवाह, मृत्यू यांची नागरी नोंदणी सक्तीची झाली. उर्वरित भारताच्या मानाने ही दफ्तरे फार नेटकी आहेत आणि आजही तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे सापडतात. पण ती पोर्तुगीज भाषेत आणि पोर्तुगीज वळणाने लिहिलेली आहेत. ‘श’साठी तिथे एक्स हे अक्षर येते. शंकरचे नाव एक्सने सुरू होते आणि शेवटी ‘आ’ लागतो. इंग्रजी वाचणारा कारकून ते ‘झेन्कोरा’ असे वाचतो. विठ्ठल ‘वितोला’ होतो, पांडुरंग ‘पांडुरोंगा’, कामत ‘कामोतीम’, केणी ‘केनीम’. नाईकच्या शेवटी क्यू, यू, ई अशी तीन अक्षरे येतात. कुटुंबाचे आडनाव एका पिढीत प्रभू, दुसऱ्या पिढीत पोर्तुगीज वळणाचे ‘पोरोब’, तर तिसऱ्यात गावावरून पडलेले ‘कर’ असेही होते.

अशा घरातला मुलगा भरतीला उभा राहिला की हवालदार मेजर विचारी, नाव काय? मुलगा सांगे ते कारकून आपल्या कानाने आणि आपल्या इंग्रजीने लिही. हे नाव गावच्या दफ्तरातल्या नावाशी जुळते का हे पाहण्याची सोय त्या काळी नव्हती. 1961 पूर्वी तर गोवा परकी मुलूखच होता. गोमंतकीय मुले मुंबईहून किंवा बेळगावहून सैन्यात शिरत. पत्ता गिरगावातल्या चाळीचा, नाहीतर सावंतवाडीकडच्या नातेवाइकाचा दिला जाई. 15 ऑगस्ट 1955 च्या सत्याग्रहावर पोर्तुगिजांनी गोळ्या चालवल्या, त्यानंतर भारताने सरहद्द बंद केली आणि रेल्वेही थांबली. गावाहून जन्मदाखला आणायचा तरी कसा? जन्मतारीख अंदाजाने पडली, नाव कानावर पडले तसे लिहिले गेले आणि घरचा पत्ता दुसऱ्याच राज्यातला लागला. आज हाच माणूस गोव्यात माजी सैनिक म्हणून सवलत मागतो तेव्हा कागद म्हणतो, तुम्ही गोव्याचे नाहीच. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात बोचणारी गोष्ट ही वाटते. स्वतःची भूमी परक्यांच्या ताब्यात असताना ज्याने भारताचा गणवेश चढवला, त्यालाच आपल्या गावाचा पुरावा द्यावा लागतो.

पदकांचा प्रश्न निराळा आहे आणि तिथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. वीरचक्र, महावीरचक्र ही शौर्यपदके वरिष्ठांच्या शिफारशीवर मिळतात. ती हक्काने मागता येत नाहीत. सेवापदके मात्र अटी पुऱ्या केल्या की देय होतात. 1965 च्या युद्धाचा समर सेवा स्टार, 1971 चे पूर्वी आणि पश्चिमी स्टार, संग्राम पदक, 9 आणि 20 वर्षांच्या दीर्घ सेवेची पदके, 15 ऑगस्ट 1972 रोजी सेवेत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे पदक. ही देणगी नव्हे. नोंद नसेल तर ती सरकारकडे थकलेली बाकी आहे, आणि अर्जाची भाषाही तशीच असावी. हात जोडून लिहिलेले चार पानी पत्र पाहिले की वाईट वाटते. तारीख, युनिट, मोहीम आणि पदकाचे नाव एवढे एका पानात पुरते.

गोवा मोहिमेच्या पदकाबाबत एक गफलत वारंवार होऊ शकते. डिसेंबर 1961 च्या मोहिमेचे सांकेतिक नाव ‘ऑपरेशन विजय’. तिच्यासाठी स्वतंत्र पदक निघाले नाही. 1947 चे जनरल सर्व्हिस मेडल होते, त्याच्या रिबनवर ‘गोवा 1961’ अशी धातूची पट्टी, म्हणजे क्लास्प, देण्यात आली. पुढे 1999 मध्ये कारगिलच्या मोहिमेलाही ‘ऑपरेशन विजय’ हेच नाव मिळाले आणि त्या वेळी मात्र ‘ऑप विजय स्टार’ व ‘ऑप विजय मेडल’ अशी खास पदके काढली गेली. 1961 चा शिपाई किंवा त्याचा नातू अर्जात ‘ऑपरेशन विजयचे पदक मिळावे’ असे लिहितो, आणि उत्तर येते की आपण पात्र नाही. 1999 च्या पदकापुरते ते उत्तर बरोबरच असते. मागायची असते ती गोव्याची पट्टी.

ती राहून जाण्याला कारणेही होती. मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखाली 17 इन्फंट्री डिव्हिजन, शिवाय ब्रिगेडियर सगत सिंग यांची 50 पॅरा ब्रिगेड असे सैन्य गोव्यात उतरले. या ब्रिगेडमध्ये 2 पॅरा ही मराठ्यांची पलटण होती. ती पूर्वेच्या बाजूने फोंड्याकडे सरकली. पलटणीतल्या माणसांची नोंद पलटण काढते. पण प्रत्येक मोहिमेत जोडून दिलेली माणसेही असतात : ड्रायव्हर, वायरलेसवाले, वैद्यकीय मदतनीस, पूल बांधणारे सॅपर. काही दिवसांसाठी आले आणि मूळ युनिटला परत गेले. त्यांची पार्ट टू ऑर्डर काढायची ती मूळ युनिटने, आणि ते युनिट मोहिमेत नव्हतेच. त्यातच दहा महिन्यांत, 20 ऑक्टोबर 1962 ला, चीनचे आक्रमण सुरू झाले आणि सैन्याचे सारे लक्ष उत्तरेकडे वळले. अंजदीव बेटावर आणि या मोहिमेत पडलेल्या नौसैनिकांचे स्मारक आयएनएस गोमंतक या नौदलाच्या तळाच्या आवारात आहे. मेलेल्यांची आठवण दगडात कोरली गेली. जिवंत परतलेल्यांची भिस्त मात्र कारकुनाच्या लेखणीवर होती.

मग जुने दफ्तर उघडून खातरजमा का करत नाहीत? कारण बऱ्याच जणांचे दफ्तर उरलेलेच नाही. पेन्शन न घेता सुटलेल्या शिपायाचे कागद 25 वर्षे ठेवायचे आणि मग नष्ट करायचे, असा सैन्याचा नियम आहे. त्या काळी सात वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि पुढे राखीव दलात काही वर्षे, अशी भरती सर्रास होई. राखीव सेवा पुरी न होता सुटलेल्याला पेन्शन नाही, आणि पेन्शन नाही म्हणून कागदही नाहीत. 1961 साली गोव्यात उतरलेला असा शिपाई नव्वदीच्या दशकात कागदोपत्री संपला. उरतो तो लाँग रोल, कायम ठेवायची नोंदवही. त्यात प्रत्येकाचा नंबर, नाव, भरती आणि सुटका अशी एक ओळ असते. ‘कागद नष्ट झाले’ हे उत्तर आले तरी लाँग रोलमधल्या त्या ओळीची प्रत माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्याखाली जरूर मागावी. अनेकांना तिचे अस्तित्वच ठाऊक नसते.

अमेरिकेत सेंट लुईसच्या लष्करी अभिलेखागाराला 12 जुलै 1973 रोजी आग लागली आणि दीड कोटीहून अधिक फायली गेल्या. तिथल्या सरकारने त्यानंतर पगारपत्रके, इस्पितळांच्या नोंदी असे दुय्यम कागद गोळा करून सेवेचा इतिहास पुन्हा उभा करण्याची पद्धत बसवली. शिवाय 1946 च्या कायद्यापासून लष्करी नोंदी दुरुस्त करणारी खास मंडळे तिथे आहेत; त्याआधी एकेका सैनिकासाठी संसदेत स्वतंत्र विधेयक आणावे लागे. आपल्याकडे आग लागली नाही, नियमानेच कागद गेले. म्हणून ते पुन्हा जुळवण्याची जबाबदारी सरकारवर अधिकच येते असे माझे ठाम मत आहे. तसे मंडळ मात्र आपल्याकडे नाही. आधी रेकॉर्ड ऑफिस, मग वैधानिक तक्रार, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण, असा हा रस्ता.

नोंदीच्या चुकीला हुद्द्याचे भान नसते, हे देशाने जनरल व्ही. के. सिंग यांच्या प्रकरणात पाहिले. सैन्याच्याच एका शाखेत त्यांचे जन्मवर्ष 1951, दुसरीत 1950. शाळेचा दाखला एक सांगत होता, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) प्रवेशाचा अर्ज दुसरेच. कमिशन मिळाल्यापासून दोन वर्षांत दुरुस्ती मागायची असा दंडक, आणि वाद पेटला तो ते लष्करप्रमुख झाल्यावर. फेब्रुवारी 2012 मध्ये त्यांनी सर्वोच्च न्यायालयातली याचिका मागे घेतली. लष्करप्रमुखाची ही गत, तर लान्स नाईकाने काय करावे?

तरीही दार अगदीच बंद नाही. 2007 च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आले, 2009 पासून ते काम करते. गोव्याचे खटले मुंबईच्या खंडपीठाकडे जातात. अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. उशिराचे सबळ कारण दाखवले तर तो माफ होऊ शकतो. 2010 मध्ये न्यायाधिकरणाने ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या बाजूने निकाल दिला. कारगिलमधल्या बटालिक विभागातल्या लढाईचा अहवाल बदलला गेला होता, असा निष्कर्ष काढून त्याने अधिकृत इतिहासातली नोंद दुरुस्त करायला सांगितले. लढाईची नोंदसुद्धा तपासता येते आणि चुकली असेल तर बदलता येते, हे त्या निकालाने दाखवले. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येते. गोव्याच्या माणसाला त्यासाठी पर्वरीचे उच्च न्यायालयाचे खंडपीठ पुरते.

पेन्शनमधली चूक दर महिन्याला नव्याने होते, त्यामुळे उशीर झाला तरी दाद मिळते, फक्त थकबाकी साधारण तीन वर्षांपुरती. पदकाला हा आधार नाही. म्हणून पदकाचा अर्ज जितका लवकर, तितका बरा.

अलीकडे हे सारे पुन्हा वर आले त्याला ‘स्पर्श’ ही संरक्षण खात्याची पेन्शन प्रणाली कारण झाली. बँकांतली खाती तिच्यात गेली आणि आधार, पॅन, पेन्शन पेमेंट ऑर्डर यांतली नावे एकमेकांशी ताडली जाऊ लागली. पन्नास वर्षे कोणाला न खुपलेले अक्षर आता यंत्राला खुपते. सगळ्यात हाल होतात ते विधवांचे. गोव्याच्या हिंदू घरांत लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. नागरी दफ्तरात माहेरचे नाव, पतीच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये सासरचे, आधारवर तिसरेच. नवरा असेपर्यंत कोणी विचारत नाही. तो गेला की बाई एकच आहे हे तिलाच सिद्ध करावे लागते.

इथे एक व्यावहारिक धोका आहे. गोव्यात 1990 च्या कायद्याखाली नाव किंवा आडनाव बदलून राजपत्रात छापून घेता येते, आणि घाईने अनेक जण तोच मार्ग धरतात. पण बदल म्हणजे त्या दिवसापासून नवे नाव. आधीची चूक तो पुसत नाही. जुन्या नोंदी जुळवायच्या असतील तर दफ्तरातल्या मूळ पोर्तुगीज नोंदीची पूर्ण नक्कल (तिला इथे ‘तेओर’ म्हणतात), तिचे प्रमाणित भाषांतर आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र असे तीन कागद डिस्चार्ज बुकाच्या प्रतीसोबत सैनिक कल्याण खात्यामार्फत पाठवणे अधिक सुरक्षित. जुने हस्ताक्षर वाचता येणारी पोर्तुगीज जाणणारी माणसे गोव्यात आता मोजकी राहिली आहेत आणि तीही वयस्क आहेत. ही नक्कल आणि तिचे भाषांतर घरच्यांनी सैनिक हयात असतानाच करून घ्यावे, कारण कोणते नाव कोणाचे हे सांगणारा साक्षीदार तोच असतो.