न मरणारी कोरफड पावसाळ्यात का मरते?

पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची एक बुटकी कोरफड हल्ली बऱ्याच रोपवाटिकांत दिसते. तीन रांगांत एकावर एक रचलेली जाड पाने, उंची जेमतेम वीतभर. शास्त्रीय नाव गोनिॲलो व्हेरिएगाटा. मूळची दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या रखरखीत मुलखातली. तिथे आफ्रिकान्स भाषेत तिला म्हणतात ‘कानीडूड’, म्हणजे मरू न शकणारी. आपल्याकडे मात्र जुलै-ऑगस्टात ती बुडाशी मऊ पडते आणि हात लावताच पाने सुटून येतात. माझे पहिले रोप असेच गेले, आणि मी त्याला रोज पाणी घालत होते.

बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ निघून जाते. कोरफड दिवसा ही दारे लावून घेते. रात्री गारवा आला की उघडते, आत आलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दुसऱ्या दिवशी उन्हाच्या बळावर त्याची साखर करते. या आम्लाची एक जुनी नोंद भारताशी जोडलेली आहे. मद्रासकडे काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी १८१३ साली एका पत्रात लिहिले, की पानफुटीची पाने सकाळी चुक्याइतकी आंबट लागतात आणि दुपारपर्यंत बेचव होतात. तीच ही युक्ती. (कोरफडीचे पान चाखून पाहू नका. सालीखालच्या पिवळ्या चिकाने जुलाब होतात.)

एवढी काटकसर करणाऱ्या झाडाला रोज पाणी नको असते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, की मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडतात. म्हणून मातीत निम्मी तरी जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे मिसळा, कुंडी मातीचीच घ्या, खालची बशी काढून टाका. काडी तळापर्यंत खुपसा. कोरडी निघाली तरच भरपूर पाणी द्या. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांपासून दूर, पण वाऱ्यावर.

ऊन सकाळचे पुरते. रानातही ती अनेकदा झुडपांच्या आडोशाने वाढते. विदर्भातल्या मे महिन्यातल्या दुपारी पाने तांबूस पडतात. बुडाशी आलेली पिल्ले सोडवली, तर जखम तीन-चार दिवस सुकू द्या, मगच लावा.

जुन्या रोपाला केशरी-गुलाबी नळीदार फुलांचा दांडा येतो. तिच्या मुलखात त्यांतला मध शिंजीर हे छोटे पक्षी पितात. आपल्याकडेही शिंजीर आहेत. दांडा दिसला की कुंडी कठड्याजवळ सरकवून ठेवा.