टाइल लावली म्हणजे भिंत वॉटरप्रूफ झाली? नाही हो!

"बाथरूममध्ये छतापर्यंत टाइल्स लावा, ओल येणारच नाही" असं गवंड्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे छातीठोकपणे सांगतात. पण पाणी टाइलमधून नाही, जॉइंटमधून जातं. तिथे भरलेलं पांढरं सिमेंट सच्छिद्र असतं, रोज शॉवरचं पाणी हळूहळू आत मुरतं आणि मग पलीकडच्या बेडरूममध्ये स्कर्टिंगच्या वर रंग फुगून पोपडे सुटायला लागतात. पाणी अडवायचं काम टाइलच्या मागच्या वॉटरप्रूफिंग कोटचं, आणि नेमका तोच खर्च वाचवला जातो (दिसत नाही ना!).

व्हिट्रिफाइड टाइल (काचेसारखी घट्ट भाजलेली) जवळजवळ पाणी पीत नाही हे खरं, स्वतःच्या वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षा कमी, साधी सिरॅमिक वॉल टाइल १० टक्क्यांच्या वर. पण म्हणूनच व्हिट्रिफाइड नुसत्या सिमेंटच्या घोळावर भिंतीला नीट धरत नाही, टाइल अ‍ॅडहेसिव्हच लागतं, नाहीतर काही दिवसांनी ठोकून बघा, पोकळ वाजेल. मागे कोट नीट असेल तर भिंतीला सिरॅमिक मस्त चालते, हलकी आणि कापायला सोपी. शॉवरच्या कोपऱ्यात तेवढं इपॉक्सी ग्राउट (जॉइंट भरायचं रेझिनचं मिश्रण) भरा, महाग पडतं पण डाग धरत नाही. आणि जुनी ओल पीव्हीसी पॅनलने झाकू नका, आधी गळती शोधा, मागे बुरशी वाढतच राहते.