फांदीला मुळं फुटतात कशी?

जास्वंदीची फांदी झाडापासून कापली की त्याच क्षणी तिचा पाणीपुरवठा तुटतो. पानांतून वाफ होऊन जाणारं पाणी मात्र जातच राहतं. जास्वंदीला मुळं धरायला साधारण तीन ते पाच आठवडे लागतात. तोवर कापलेल्या टोकातून जे थोडंफार पाणी वर चढेल, त्यावरच तिला तग धरायचा असतो. घरी लावलेल्या कितीतरी फांद्या मरतात त्या इथेच. आपण मात्र मातीला दोष देतो, खत बदलतो, हाताला गुण नाही असं म्हणतो आणि पुन्हा नर्सरीतून रोप आणतो.

म्हणून छाट कलम करताना, म्हणजे कापलेल्या फांदीपासून नवं रोप करताना, पहिला विचार पाण्याचा. फांदी सकाळी कापावी, कारण रात्रभरात झाडानं पाणी भरून घेतलेलं असतं. अगदी लुसलुशीत शेंडा नको आणि जुनं राखाडी लाकूडही नको. हिरवी साल नुकती तपकिरी होऊ लागलेली, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांबीची आणि तीन-चार पेरं असलेली फांदी घ्यावी. खालचा काप पेराच्या लगेच खाली द्यावा. कळ्या असतील तर मन घट्ट करून खुडाव्यात, कारण फांदीतली साखर त्या स्वतःकडे ओढतात. खालची पानं काढावीत, वरची दोन-तीन ठेवावीत आणि ती मोठी असतील तर कात्रीनं अर्धी करावीत. सगळी पानं काढण्याची चूक करू नये. पान पाणी घालवतं हे खरं, पण साखर तेच बनवतं. आणि मुळं फुटण्यासाठी लागणारं संजीवकही (झाडाच्या वाढीला दिशा देणारं द्रव्य) कोवळ्या पानांतून आणि शेंड्यातूनच खाली उतरतं.

कुंडीवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घातली की आतली हवा दमट होते आणि पानांचं पाणी जाणं पुष्कळ कमी होतं. ही कुंडी उन्हात मात्र ठेवायची नाही. बंद पिशवीत ऊन पडलं की आतलं तापमान झपाट्यानं चढतं आणि एका दुपारीच फांदी करपते. भरपूर उजेड हवा, थेट ऊन नको. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात किंवा मुंबई-पुण्यात हवाच इतकी दमट असते की हे निम्मं काम आपसूक होतं. आपल्याकडे फांद्या पावसाळ्यात लावतात ते याचमुळे. फक्त कुंडी धो-धो पावसाखाली नसावी.

आता मुळांकडे येऊ. खोड म्हणून वाढलेल्या फांदीत मुळं येतात कुठून, आणि ती नेमकी खालच्याच टोकाला का येतात?

हेरमान फ्योख्टिंग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७८ साली विलोच्या, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातकुळीतल्या झाडाच्या, फांद्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यानं फांद्यांचे तुकडे दमट हवेत टांगून ठेवले, काही सुलटे आणि काही उलटे. उलट्या टांगलेल्या तुकड्यांनाही मुळं फुटली ती झाडावर असताना जे टोक खाली होतं, त्याच टोकाकडे. आपलं मूळचं वर-खाली फांदीनं सोडलं नव्हतं. याचा उलगडा पुढच्या शतकात होत गेला. नेदरलँड्समधल्या युट्रेक्टला फ्रिट्स वेंट यानं ओटच्या कोंबांची टोकं कापून आगरच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, तुकड्यांवर ठेवली. टोकातून आगरमध्ये उतरलेला पदार्थ कोंबाची वाढ घडवतो, हे त्यानं १९२८ मध्ये दाखवलं. हा पदार्थ म्हणजे ऑक्झिन, पानांतून आणि शेंड्यातून खाली उतरणारं तेच संजीवक.

ऑक्झिन एका पेशीतून दुसरीत जातं ते बहुतांशी खालच्या दिशेनं, कारण त्याला पेशीबाहेर सोडणारी प्रथिनं मुख्यतः पेशीच्या खालच्या बाजूला बसलेली असतात. झाडावर असताना हा प्रवाह थेट मुळांपर्यंत पोहोचतो. फांदी कापली की पुढची वाटच उरत नाही आणि ऑक्झिन कापाच्या वर साठू लागतं. जखम झाल्याचे संदेशही तिथेच उमटत असतात. या दोन्हींमुळे साल आणि लाकूड यांच्या मधल्या पातळ थराजवळच्या काही पेशी खोडाचं काम सोडून पुन्हा विभागू लागतात. त्यांतून मुळाचा इवलासा अंकुर तयार होतो आणि साल भेदून बाहेर येतो. बीज नाही, गर्भ नाही. खोडाच्याच पेशी मूळ होतात. मला वनस्पतींमधलं हे सर्वांत मोठं सामर्थ्य वाटतं.

बाजारात मिळणारी रूटिंग पावडर या साठ्यात भर घालते. तिच्यात बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल, म्हणजे आयबीए, असतं. अमेरिकेतल्या बॉईस थॉम्पसन इन्स्टिट्यूटमध्ये पर्सी झिमरमन आणि फ्रँक विलकॉक्सन यांनी त्याचा हा गुण १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. (संख्याशास्त्र शिकलेल्यांना ज्याच्या नावाची चाचणी माहीत असते, तोच हा विलकॉक्सन.) झाडातलं नैसर्गिक ऑक्झिन उजेडानं आणि विकरांनी लवकर मोडतं, आयबीए जास्त टिकतं आणि फांदीत गेल्यावर हळूहळू नैसर्गिक ऑक्झिनमध्ये बदलतं. वर सांगितलेल्या अर्धवट पिकलेल्या फांदीला १००० ते ३००० पीपीएमची (दहा लाख भागांत इतके भाग आयबीए असलेली) पावडर पुरते. टोक बुडवून जादा पावडर झटकून टाकावी. मूळ सुरू व्हायला ऑक्झिन लागतं, पण ते लांब वाढू लागल्यावर जास्तीचं ऑक्झिनच वाढ अडवतं. बटाट्यात फांदी खोचण्याच्या चित्रफिती खूप फिरतात. बटाटा ओल देतो आणि मग कुजतो, एवढंच. काही जण टोकाला मध लावतात, पण मधातही मुळं फुटवणारं संजीवक नसतं.

मातीची निवड हवेचा विचार करून करावी. विभागणाऱ्या पेशींना भरपूर प्राणवायू लागतो, आणि प्राणवायू हवेत जितक्या वेगानं पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यात पसरतो. चिकट काळी माती पाण्यानं भरली की फांदीचं टोक गुदमरतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. त्यापेक्षा निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मी जाडी वाळू उत्तम. शेणखत आत्ता नको. ते शोषायला मुळंच नाहीत. बाटलीतल्या पाण्यात जास्वंद आणि कण्हेर मुळं धरतात, पण ती मुळं ठिसूळ असतात आणि मातीत नेताना दुखावतात. कण्हेरीबाबत एक गोष्ट आवर्जून सांगते. तिचे सगळे भाग विषारी आहेत आणि फांदी ठेवलेलं पाणीही विषारी होतं. ती बाटली स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या हाताशी ठेवू नका, आणि काम झाल्यावर हात धुवा.

मोगऱ्याला जास्वंदीचीच रीत चालते. बोगनवेल हट्टी आहे. तिला जरा जून लाकूड, जास्त तीव्र पावडर आणि दीड-दोन महिन्यांचा धीर लागतो. तिच्या टोकाला कधी कधी नुसती पांढरट गाठ येते. ती जखम भरल्याची खूण असते, मुळाची नव्हे.

देवचाफा मात्र सगळं उलटं मागतो. त्याचं खोड मांसल असतं, पाणी त्यातच साठलेलं असतं. त्यामुळे त्याला भीती सुकण्याची नसते, कुजण्याची असते. हातभर फांदी उन्हाळ्याच्या सुरुवातीला कापावी, पानं सगळी काढावीत, चीक निथळू द्यावा आणि आठवडाभर सावलीत कोरडी ठेवावी. कापलेलं तोंड सुकून घट्ट झालं की वाळूच्या मिश्रणात लावावी. पिशवी नको, पाणीही अगदी बेताचं. जास्वंदीला वाचवणारी ओल चाफ्याला मारते.

लावल्यानंतर दोनेक आठवड्यांत डोळ्यातून पालवी फुटली की आनंद होतो आणि बरेच जण तेव्हाच पिशवी काढतात. ही पालवी फांदीतल्या साठ्यावरही फुटू शकते. मुळं आली असतीलच असं नाही. नवी पानं वाढतच राहिली, किंवा फांदी अलगद ओढल्यावर खालून धरून ठेवल्यासारखी लागली, तर मुळं आली समजावं. उपटून पाहू नये, कारण त्यात नुकतं आलेलं मूळ हमखास तुटतं. मुळं आल्यावरही पिशवी एकदम काढायची नाही. दमट हवेत उमललेल्या पानांवरचा मेणाचा थर पातळ असतो आणि त्यांची पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. आधी पिशवीला दोन-चार भोकं पाडावीत, मग रोज थोडा वेळ ती काढून ठेवावी आणि आठ-दहा दिवसांत पूर्ण हटवावी. त्यानंतर रोप मातीच्या कुंडीत हलवावं, तेव्हा शेणखत घालावं, आणि आधी फक्त सकाळचं कोवळं ऊन द्यावं.