गावाकडच्या विधवा आईसाठी निराधार अनुदान: अडलेला कागद मुंबईतच असतो

आई गावाला, मुलगा लालबागला नाहीतर घाटकोपरला. वडील गेल्यावर आईला निराधारचे पैसे सुरू व्हावेत म्हणून तो गणपतीच्या चार दिवसांत तहसीलला चकरा मारतो आणि 'हा कागद आणा' एवढंच ऐकून परत येतो. असे अर्ज भरून द्यायला मी काही वर्षं बसतोय. परत आलेल्या अर्जांतल्या बहुतेक बायका योजनेत बसणाऱ्या असतात. कमी पडलेला कागद मुंबईत असतो, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पात्रता थोडक्यात. विधवा बाईचं वय ६५ च्या आत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना, त्यापुढे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. दरमहा १,५०० रुपये. महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य हवं आणि नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत हवं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत. म्हणजे महिन्याला १,७५०! ही मर्यादा आजच्या महागाईत किती तोकडी आहे हे उत्पन्नाचा दाखला देणाऱ्यालाही कळतं, पण नियम तोच आहे. लाडकी बहीण चालू असेल तर दोन्ही पैसे एकत्र मिळत नाहीत, हे आईला आधीच सांगा.

आता मृत्यूचा दाखला. सर्वांत जास्त अर्ज इथे अडतात. मृत्यूची नोंद माणूस जिथे वारला तिथे होते, गाव कुठलं हे त्यात बघत नाहीत. वडील परळच्या केईएममध्ये वारले असतील, तर दहन गावात झालं तरी ग्रामपंचायतीच्या वहीत त्यांची नोंद नसणार. ती महापालिकेच्या विभाग कार्यालयात असते, केईएमची एफ दक्षिण विभागाच्या कार्यालयात. मुलगा रोज ज्या रस्त्याने कामाला जातो त्याच रस्त्यावरचा कागद गावात शोधत वर्ष घालवतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून नाव वाचा. दवाखान्यात घाईघाईत कुणी 'बाळू' सांगतं आणि तेच छापून येतं. आधारवर, सातबाऱ्यावर बाळकृष्ण. मग 'दोन्ही नावं एकाच माणसाची' असं सरपंचांचं पत्र जोडतात. त्यावर काम भागत नाही. दुरुस्ती जिथे नोंद आहे तिथेच होते, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कलम १५ खाली तशी सोय आहे. ती मुंबईत असतानाच करून घ्या. घरी गावातच वारले आणि नोंद राहून गेली असेल तर आणखी घाई करा: मुदत २१ दिवसांची, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही.

वयाचा पुरावा. आई शाळेत गेलेली नसते, जन्माची नोंद नसते, म्हणून लोक नोटरीकडे पैसे घालवतात. गरज नाही. रेशनकार्डावरच्या किंवा मतदार यादीतल्या वयाचा उतारा चालतो. तेही नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडून वयाचा दाखला घ्या.

रेशनकार्डाचं आणखी एक. आईचं नाव मुंबईतल्या तुमच्या कार्डावर असेल, तर तुमचा पगार तिच्या कुटुंबाच्या उत्पन्नात धरला जाऊ शकतो. ती खरोखर गावात राहत असेल तर इथल्या शिधावाटप कार्यालयातून नाव कमी करून गावात लावा. उपचारासाठी आधारवर मुंबईचा पत्ता घातला असेल तर तोही बदला. आणि ती तुमच्याकडेच राहत असेल तर अर्ज मुंबईतच करा, खोटा रहिवास दाखवू नका. चौकशी झाली की अनुदान बंद होतं.

उत्पन्नाच्या दाखल्यावर छापलेली मुदत वाचा. ती बहुधा ३१ मार्चला संपते, काढल्यापासून वर्षभर चालत नाही. फेब्रुवारीत काढून मे महिन्यात जोडलेला दाखला परत येतो.

बाकी सोपं: अर्ज सेतू केंद्रात किंवा तहसीलच्या संजय गांधी शाखेत, सोबत फोटो, आधार, पासबुक आणि रहिवासाचा दाखला.

मंजुरीनंतर पैसे आधारवरून जमा होतात, पासबुकाची झेरॉक्स बघून नाही. आधार शेवटी ज्या खात्याला डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, जोडलं त्यात ते जातात. मुंबईत आईचं एखादं खातं उघडून विसरला असाल, तर मंजूर अनुदान तिथे साचतं आणि आई गावच्या बँकेतून रिकाम्या हाताने परत येते. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग' तपासा, चुकीचं खातं दिसलं तर गावच्या बँकेत अर्ज द्या.

अर्ज दिल्यावर तारीख-शिक्क्याची पोच घ्या. फोटो तुमच्या मोबाइलमध्ये राहू दे, मूळ पोच आईजवळ ठेवा. तलाठी चौकशीला येतो तो तिच्या दारात.